मृत्युपत्र म्हातारपणीच करायचं असतं, हे कुणी ठरवलं?

ओसरी

दोन वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ गेला. वय ३९. सकाळी ऑफिसला निघताना जिन्यातच कोसळला. त्या दुःखाबद्दल इथे लिहीत नाही, लिहिता येणारही नाही. लिहायचंय ते त्यानंतरच्या कागदांबद्दल.

चिंचवडचा फ्लॅट एकट्या दादाच्या नावावर होता. बुकिंगच्या वेळी वहिनी बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून तिचं नाव घालायचं राहून गेलं. हप्ते मात्र दोघांच्या पगारातून जायचे. आम्हा सगळ्यांची समजूत अशी की नवऱ्यामागे घर बायकोचंच. तसं नसतं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर बायको, मुलं आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे वहिनी, सात वर्षांची पुतणी आणि माझी आई, प्रत्येकी एक तृतीयांश. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत बसतच नाहीत. ज्या बाबांनी आपल्या फंडातून सुरुवातीची रक्कम भरली, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही.

वहिनीला एका पगारात हप्ता झेपेना. फ्लॅट विकून नाशिकला माहेराजवळ राहायचं तिने ठरवलं. आईने हक्कसोडपत्र करून द्यायला एका शब्दात होकार दिला. नोंदणीच्या दिवशी मी सोबत होते. अंगठ्याचं मशीन आईचा अंगठा घेईना. वर्षानुवर्षं भांडी घासून रेषा झिजल्यात. ती पदराला अंगठा पुसायची, ठेवायची, पुन्हा पुसायची. सहाव्या खेपेला घेतला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "लेकाच्या घरावरचा हक्क सोडते असं लिहिलं होतं गं त्यात. असलं वाक्य वाचायची पाळी यायला नको होती."

पुढची अडचण त्याहून मोठी. पुतणीचा हिस्सा. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या मालकीची स्थावर मिळकत विकायला सख्ख्या आईलाही कोर्टाची परवानगी लागते. वकील, अर्ज, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, तारखा. ठरलेलं गिऱ्हाईक पाचव्या महिन्यात निघून गेलं. परवानगी हातात पडायला अकरा महिने लागले. नियमाला मी नावं ठेवत नाही, लेकरांची मालमत्ता राखायला तो हवाच. पण दादाने साध्या कागदावर "माझ्यामागे हा फ्लॅट माझ्या पत्नीचा" असं लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली असती, तर यातलं काहीही लागलं नसतं. स्टॅम्प पेपरसुद्धा नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या नावावर काही आहे आणि ज्याच्यावर कुणी अवलंबून आहे, त्याने तिशीत असला तरी मृत्युपत्र करावं. तुमचे विचार वाचायचे आहेत, विरोधातलेसुद्धा.

जुनाघाट

ताई, तुमच्या घरावर जे आलं ते वाचून जीव हळहळला. तरीही मला हे पटत नाही. वास्तू तथास्तु म्हणते असं मानणारा मी आहे, पण ते बाजूला ठेवतो. माझं वय ७१. दोन मुलगे, एक मुलगी. मी मृत्युपत्र केलं की तिघांच्याही मनात पहिला प्रश्न येणार, बाबांनी काय लिहिलं? नाही सांगितलं तर संशय, सांगितलं तर हिशेब. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी मुलांना वाचून दाखवलं, तेव्हापासून त्या घरात सणाला एकत्र पंगत बसलेली नाही. लिहून ठेवणं म्हणजे मुलांवर आपला विश्वास नाही असं सांगणं. आमच्या वडिलांनी काही लिहिलं नव्हतं. आम्ही चौघा भावांनी एका दुपारी अंगणात बसून वाटणी केली. आवाजसुद्धा चढला नाही कुणाचा.

ओसरी

काका, तुमचा मान राखून विचारते. त्या दुपारी अंगणात बहिणी होत्या का?

जुनाघाट

दोन बहिणी. नव्हत्या. नंतर सह्या दिल्या त्यांनी, खुशीने.

नांगरट

काकांचं उत्तर वाचलं आणि राहवलं नाही. पण मी ओसरी ताईंच्याही विरुद्ध बाजूला आहे.

आमचा भाग वाळवा तालुक्याचा. इथे मृत्युपत्र कशासाठी करतात ते ऐका. २००५ मध्ये केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. महाराष्ट्राने तर त्याआधी, १९९४ मध्येच काही प्रमाणात दिला होता. तेव्हापासून ज्यांच्या पोटात गोळा आला, त्यांना मृत्युपत्र आठवू लागलं. माझ्या आजोबांना २०१६ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं गेलेलं. त्यानंतर अठराव्या दिवशी त्यांना जीपमध्ये बसवून तालुक्याला नेलं. जीप चालवणारे माझे वडील, हे लिहायला जड जातंय पण लिहितो. परत आल्यावर आजोबांच्या डाव्या अंगठ्याची शाई आजीने खोबरेल लावून पुसली, ती मी उंबऱ्यात उभा राहून बघत होतो. चार एकर ऊस, विहिरीसकट, दोन मुलांच्या नावे. चार आत्यांच्या नावे काही नाही. मृत्युपत्र नसतं तर कायद्यानेच आत्यांना वाटा मिळाला असता.

शहरात मृत्युपत्र बायकोला वाचवत असेल. आमच्याकडे कायद्याने बाईला जे दिलं ते काढून घ्यायचं हत्यार तेच आहे. त्यामुळे "प्रत्येकाने करा" असं सरसकट सांगू नका.

साक्षीपुरावा

वकिलीत बावीस वर्षं झाली, म्हणून थोडं सविस्तर.

नांगरट, तुमच्या आजोबांचा कागद कोर्टात टिकायला अवघड होता. मृत्युपत्र करणारा शुद्धीत हवा, आपण काय लिहून देतोय हे त्याला कळायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगून ठेवलंय की परिस्थिती संशयास्पद असेल, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर. बोलणं गेलेला माणूस, सोबत नेणारा स्वतः लाभार्थी, मुली पूर्ण वगळलेल्या: यातली एकेक गोष्ट शंकेला पुरते. दुसरं, जमीन एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल तर आजोबांना फक्त स्वतःचा हिस्सा लिहून देता येतो. आत्यांचा जन्माने मिळालेला हिस्सा आजोबांच्या अंगठ्याने जात नाही. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने ते आणखी पक्कं केलं.

म्हणून तर धडधाकट असताना करायचं. चाळिशीत केलेल्या कागदावर "त्यांना भान नव्हतं" असं म्हणायला कुणी धजत नाही.

रीत साधी आहे. साधा कागद, स्वतःची भाषा, हाताने लिहा नाहीतर टाइप करा. सही किंवा अंगठा. किमान दोन साक्षीदार; त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, आणि त्यांनी तुमच्या समोर सही करावी. मजकूर त्यांना वाचायला द्यायची गरज नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान बघा, कारण पुढे कोर्टात उभं राहायची वेळ त्यांच्यावर येते. माझ्याकडे एका मृत्युपत्राचे दोन्ही साक्षीदार ते मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी गेले होते. हस्ताक्षर ओळखणारे शोधण्यात वर्ष गेलं. नोंदणी सक्तीची नाही, पण मी करायला सांगते, विशेषतः जमीन असेल तर.

नांगरट

मॅडम, कायदा तुमचा बरोबर असेल. आत्यांनी केसच केली नाही. करणारही नाहीत. केस केली तर दिवाळीला, राखीपौर्णिमेला यायचं कुठे? थोरली आत्या म्हणाली, "जमिनीपेक्षा मला उंबरा हवा." कोर्टात टिकलं नसतं हे खरं, पण कोर्टापर्यंत जातंय कोण?

ओसरी

नांगरट, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण जुनाघाट काकांच्या अंगणात मृत्युपत्र नव्हतं, तरी बहिणींच्या हाती काही आलं नाही. म्हणजे काढून घेणाऱ्याला कागद असला काय, नसला काय. मग ज्या बापाला लेकीला द्यायचंय, त्याने तरी ते लिहून ठेवायला नको का? तुमच्या आजोबांनी बोलता येत होतं तेव्हा स्वतः लिहिलं असतं, तर त्या अठराव्या दिवशी निदान घरात एक आधीचा कागद असता.

हिशेबी

एवढा खटाटोप कशाला? बँक, म्युच्युअल फंड, सोसायटी, सगळीकडे नॉमिनी लावून ठेवा. मी लावलेत. विषय संपला.

साक्षीपुरावा

संपत नाही. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा. तो मालक असतोच असं नाही. विम्याच्या बाबतीत हे १९८३ च्या सरबती देवी खटल्यात ठरलं, शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी निकालात. (विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर वेगळी तरतूद आली, तेवढा फरक.) आपल्या सहकार कायद्यातही वारस ठरेपर्यंत सोसायटी नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करते. नॉमिनी लावाच, आणि मृत्युपत्रात तीच नावं येतील हे बघा. दोन्हींत वेगवेगळी नावं असली की भाऊबंदकी सुरू.

शुभ्रकमळ

माझ्या मावशीचं सांगते. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा, मूलबाळ नाही. सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही. आजोबांनी नर्सिंगला घातलं, तिने तीस वर्षं नोकरी केली, डोंबिवलीत स्वतःच्या पैशांनी एक खोली घेतली. म्हातारपणी आईनेच तिचं सगळं केलं. मावशी गेली आणि ज्या सासरचं आम्ही चाळीस वर्षांत तोंड पाहिलं नव्हतं, तिथले पुतणे दाराशी आले. हक्क त्यांचाच निघाला! निपुत्रिक विधवेची स्वकष्टाची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेर त्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हुबेहूब असाच खटला होता, सासरने हाकलून दिलेल्या बाईचा. कोर्टाने सहानुभूती बोलून दाखवली आणि मिळकत नवऱ्याकडच्यांनाच दिली, कारण कायद्याचं कलमच तसं आहे.

मावशीच्या कपाटात आईसाठी घेऊन ठेवलेली नारायणपेठी होती, घडीसुद्धा न मोडलेली. ती तेवढी आम्ही आणली. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक बाईला माझं हात जोडून सांगणं आहे, बायांनो, आज लिहा.

मांडवी

गोव्यातली वेगळी गोष्ट सांगते. आमच्याकडे समान नागरी कायदा पोर्तुगीज काळापासूनचा. मुलं असतील तर अर्ध्या मिळकतीवर त्यांचा हक्क कुणालाच काढता येत नाही, मृत्युपत्र फक्त उरलेल्या अर्ध्याचं. मुलगा आणि मुलगी सारखेच. नांगरट यांच्या आत्या गोव्यात असत्या तर अशा पूर्ण वगळल्या गेल्या नसत्या. मुस्लिम कायद्यातही एक तृतीयांशाहून जास्त लिहून द्यायचं तर वारसांची संमती लागते. हिंदू माणसाला मात्र स्वतःचं सगळं हवं त्याला देता येतं. मला वाटतं नांगरट यांचा राग मृत्युपत्रावर नसून या मोकळिकीवर आहे.

नांगरट

बरोबर ओळखलंत.

जुनाघाट

दोन दिवस विचार करत होतो. शुभ्रकमळ ताईंच्या मावशीसारखी माझी धाकटी बहीण आहे, पुण्यात एकटी असते. तिच्याशी बोलीन. स्वतःपुरतं अजून मन होत नाही. मृत्युपत्रापेक्षा हयातीतच बक्षीसपत्र करून मोकळं व्हावं असं वाटतं.

साक्षीपुरावा

काका, कृपा करून घाई नको. बक्षीसपत्र झालं की घर तुमचं राहत नाही, आणि ते सहज फिरवताही येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली रद्द करून घ्यायचं तर सांभाळाच्या अटीवर दिलं होतं हे दाखवावं लागतं. ती अट बहुतेकांच्या कागदात नसते. मृत्युपत्र उद्या बदला, परवा फाडा, शेवटच्या श्वासापर्यंत घर तुमचंच. आणि मुलांना वाचून दाखवायचं बंधन मुळीच नाही.

ओसरी

परवा वहिनीने स्वतःचं मृत्युपत्र केलं, नाशिकला. तिच्या डोक्यात घर नव्हतं, पुतणी होती. बाप गेला, उद्या आईला काही झालं तर मूल कुणाकडे? विधवा आईला मृत्युपत्रात मुलांसाठी पालक नेमता येतो. तिने माझं नाव घातलं, आणि पैशांचं बघायला तिच्या भावाचं. शेजारच्या दोघी साक्षीदार. सगळं मिळून दीड पान.

नांगरट

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, आम्ही दोघं एकाच मोटरसायकलवर कराडला जातो-येतो. पालकाचं आम्ही दोघंही लिहू.

जमिनीबद्दल माझं मत तेच. जोवर मुलीचा वाटा कागदाने पुसता येतो, तोवर आमच्या गावात मी कुणाला मृत्युपत्र कर म्हणून सांगणार नाही. वडिलांना मात्र विचारणार आहे, आत्यांच्या नावे निदान एकेक पट्टी तरी लिहिता का म्हणून. ते आज ६४ वर्षांचे आहेत आणि स्पष्ट बोलतात.