सीओटू सिलिंडर भरलेला आहे हे कसं ओळखायचं?

प्रश्न: वर्कशॉपमध्ये विजेच्या पॅनेलजवळ आग विझवायचा ४.५ किलोचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर आहे. पावडरवाल्याला हिरवा काटा असतो, याला काहीच नाही. गॅस आहे की नाही कसं कळणार?

उत्तर: वजन करा. रिकामं वजन सिलिंडरवर ठोकलेलं असतं. होस-हॉर्न (नळी आणि तिच्या टोकाचा भोंगा) काढून तोला, नाहीतर आकडा फसवतो. गॅस १० टक्के, म्हणजे ४५० ग्रॅम घटला की रिफिल.

उत्तर २: हिरव्या काट्यावरही भुलू नका! तो फक्त दाब दाखवतो. मशीनच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसली तरी काटा हिरवाच.

उत्तर ३: मारताना हॉर्नचं हँडल धरा, नळकांडं नको, कातडी गोठते. आधी मेन स्विच बंद. छोट्या खोलीत मारल्यावर लगेच बाहेर पडा, श्वास कोंडतो.

प्रश्नकर्ता: फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा महाराष्ट्रातला सहामाही दाखला, कधी?

उत्तर: जानेवारी आणि जुलै, परवानाधारक एजन्सीकडूनच.