पगार दिसतो, नोटीस पीरियड दिसत नाही

कुणीतरी म्हटलंय की भारतातला कॅप्टन राजीनामा टाकून पुढच्या महिन्यात दुबईत विमान उडवू शकतो. अहो, एवढं सोपं असतं तर! डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी आपली सरकारी संस्था) २०१७ साली कॅप्टनला १ वर्षाची आणि को-पायलटला ६ महिन्यांची नोटीस सक्तीची केली. शिवाय तिथं मेडिकल, सिम्युलेटर सगळं पुन्हा नव्याने.

माझा मावसभाऊ तिकडेच उडवतो. पगारावर इन्कम टॅक्स नाही हे खरंय, पण फ्रिजवर रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता, चिकटवलेला असतो आणि वहिनी लाल पेन घेऊन त्यात दिवाळी शोधत असते. गेल्या लक्ष्मीपूजनाला इथं आम्ही पणत्या लावत होतो, तेव्हा साहेब कुठल्याशा हॉटेलात जाड पडदे ओढून भरदुपारी झोपलेले. रात्री परतीचं फ्लाइट होतं ना!