बीबीएसवर अख्खी झिप न उतरवता आतली एकच फाइल कशी वाचायची? (आर्काइव्ह व्ह्यूअरची भानगड)

अर्धीफ्लॉपी:

नमस्कार मंडळी,

जुन्या डॉस मशीनला परत मोडेम जोडलाय, हौस म्हणा नाहीतर खाज म्हणा. फोनची लाइन इंटरनेट अडॅप्टरमधून येते त्यामुळे वरचा वेग टिकत नाही, १४४०० ला हँडशेक होतो, दोन मिनिटं बरं चालतं आणि मग नो कॅरियर, म्हणजे लाइन तुटली. २४०० वर मात्र लाइन दगडासारखी उभी राहते, म्हणून तिथेच मुक्काम ठोकलाय. एका मित्राने बीबीएस (फोन लावून मोडेमने ज्यात शिरायचं ते जुन्या काळचं फलक-कम-फाइल भांडार) जिवंत ठेवलाय, त्याच्या फाइल एरियात जुन्या शेअरवेअरचा डोंगर आहे.

तर एक झिप आहे ६८० केबीची. २४०० म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं, म्हणजे ४८ मिनिटं, आणि मला दिवसाचा वेळ मिळतो ४५ मिनिटं. हसू नका. मला खरं तर आतलं मॅन्युअल तेवढं बघायचंय, प्रोग्राम माझ्या मशीनवर चालणार की नाही तेच कळत नाही तोवर पाऊण तास का घालवा. फाइल मेनूत व्ही दाबलं की नाव विचारतं, नाव दिलं की आतल्या २३ फायलींची यादी सात-आठ सेकंदांत हजर. इथपर्यंत मस्त. पण यादीतली मॅन्युअलची फाइल दाखव म्हटलं की 'अनोळखी मेथड' म्हणून बाहेर फेकतो. दुसऱ्या एका झिपची तर यादीच देत नाही, 'ही आर्काइव्ह नाही' म्हणतो, आणि तिसऱ्या एकीची यादी संपल्यावर माझा अख्खा स्क्रीन निळा होऊन अक्षरं लुकलुकायला लागली ती लॉगऑफ करेपर्यंत.

आणि अजून एक कोडं. काल वैतागून पहिली झिप उतरवायला घेतली, पंचवीस मिनिटांनी साधारण ३५० केबीवर लाइन तुटली. ती अर्धी फाइल माझ्याकडच्या पीकेअनझिपला (झिप उलगडणाऱ्या प्रोग्रामला) दिली तर ती झिप आहे हेच तो मानत नाही, एक नावसुद्धा दाखवत नाही. मग बीबीएसवरचा व्ह्यूअर सात सेकंदांत कसं सांगतो? जरा इस्कटून सांगा कुणीतरी.

---

रात्रपाळी:

फाइल उतरवायला झेडमोडेम प्रोटोकॉल वापर की. लाइन तुटली तर उद्या तिथूनच पुढे सुरू होतं, १९८६ पासून ती सोय आहे. आज ३० मिनिटं उद्या २० मिनिटं, झालं काम. व्ह्यूअरच्या नादी कशाला लागायचं.

---

निवृत्त_सिसऑप:

रात्रपाळी यांचं उतरवण्यापुरतं बरोबर आहे पण त्यांना उतरवायचंच नाहीये, उतरवण्यालायक आहे का ते बघायचंय. मी सिसऑप म्हणून (म्हणजे बोर्डाचा चालक) बरीच वर्षं दोन नोडचा, म्हणजे एका वेळी दोन कॉलर घेणारा, बीबीएस चालवला, मॅट्रिक्स प्रिंटरवर कॉलरची नोंद छापत बसायचो, त्यामुळे यावर जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तुमचं कोडं. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, पुस्तकाच्या मागे सूची असते तशी. अगदी शेपटीला २२ बाइटची एक नोंद, ती सांगते की सूची कुठून सुरू होते, आणि सूचीत दर फाइलमागे ४६ बाइट अधिक नावाची लांबी. तुमच्या २३ फायलींचा हिशेब करा, सगळं मिळून दीड केबीसुद्धा होत नाही. व्ह्यूअर चालतो तो बीबीएसच्या मशीनवर, झिप त्याच्याच डिस्कवर पडलेली आहे, तो थेट शेपटीला उडी मारतो, दीड केबी वाचतो आणि तुमच्याकडे फोनच्या तारेतून येतात त्या फक्त यादीच्या पंचवीस-तीस ओळी. तुमच्या अर्ध्या फाइलला शेपूटच नाही, म्हणून पीकेअनझिप हात वर करतो. तिच्या आतला माल शाबूत आहे बरं का, दर फाइलच्या आधी ३० बाइटचं छोटं हेडर असतं त्यात नाव असतं, त्यामुळे पीकेझिपफिक्स (मोडकी झिप दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवलात तर जेवढ्या फायली पूर्ण आल्यात तेवढ्यांची नवी सूची बांधून देईल. एआरसी आणि एलझेडएच या दुसऱ्या आर्काइव्ह प्रकारांची गोष्ट वेगळी, त्यांच्यात शेवटी सूची नसते, व्ह्यूअर एका हेडरवरून पुढच्या हेडरवर उड्या मारत जातो, म्हणून त्या अर्ध्या उतरल्या तरी अर्धी यादी दिसते.

आता 'अनोळखी मेथड'. यादी दिसते आणि मजकूर दिसत नाही, इथेच रोग कळतो. सूचीची मांडणी १९८९ मध्ये झिप आली तेव्हाची आहे, ती जुन्या व्ह्यूअरलाही वाचता येते. पण आतला माल दाबण्याची पद्धत बदलत गेली, आधी श्रिंक आणि रिड्यूस, पीकेझिप १.०१ मध्ये इम्प्लोड, आणि १९९३ च्या २.०४जी पासून सगळीकडे डिफ्लेट, तिचा नंबर ८. यादी परत काढा आणि मेथडचा रकाना बघा, डिफ्लेट लिहिलं असेल किंवा नुसता ८ असेल तर मित्राने व्ह्यूअरच्या मागे अजून १.१० च्या काळातला अनझिप ठेवलाय. बहुतेक बीबीएस सॉफ्टवेअरमध्ये एक्स्टेन्शनवार कमांड लिहून ठेवायची जागा असते, झिप आली की हे चालव, एआरजे आली की ते चालव, तिथे फक्त नवा अनझिप लावायचा. त्याला सांगताना एवढं सांगा की २.०४जी घे. जुन्या कलेक्शनमध्ये पीकेझेड३००बी नावाची 'नवी आवृत्ती' सापडते ती १९९५ ची ट्रोजन आहे, तिला हातसुद्धा लावू नको.

निळा स्क्रीन म्हणजे झिपच्या कॉमेंटमध्ये (झिपला जोडलेल्या टिपणात) कुणीतरी आपल्या बीबीएसची जाहिरात चिकटवलीय. त्या काळी ही साथच होती, फाइल चार बोर्डांवरून फिरून आली की आत चार जाहिराती. कॉमेंट ६५५३५ बाइटपर्यंत चालते आणि त्यात आन्सी कोड (स्क्रीनला रंग-हालचाल सांगणारे कोड) घातले की रंग, लुकलुक, सगळं येतं, शेवटी रंग पूर्ववत करायचा कोड घालायला मात्र सगळे विसरायचे. तुमच्या टर्मिनलला फक्त रंग चढला. खरी मेख सिसऑपकडे आहे. आन्सी.सिस (डॉसचा हे कोड पाळणारा ड्रायव्हर) लोड असेल तर एस्केप कोडने कीबोर्डवरच्या कीचा अर्थ बदलता येतो, एखादी की दाबली की डिलीटची कमांड टाइप होईल असा. त्याला आन्सी बॉम्ब म्हणायचे. बहुतेक टर्मिनल प्रोग्राम तो कोड पाळत नाहीत, पण व्ह्यूअरचं आउटपुट मित्राच्या स्वतःच्या स्क्रीनवरही डॉसमधून छापलं जात असेल तर तिथे तो पाळला जाऊ शकतो. कॉमेंट गाळून टाका म्हणावं त्याला, यादीला तिची गरज नाही.

'ही आर्काइव्ह नाही' चं ठामपणे सांगता येणार नाही फाइल बघितल्याशिवाय. नाव झिप आणि आत एलझेडएच असले प्रकार भरपूर असायचे, लोक नाव बदलून चढवायचे. झिप असेल तर पहिली दोन अक्षरं पी आणि के असतात (फिल कॅट्झची आद्याक्षरं), एलझेडएच असेल तर तिसऱ्या बाइटपासून एलएच५ छापाचं काहीतरी दोन आडव्या रेघांमध्ये दिसेल.

---

बिटमोजणारा:

सिसऑप काकांना साष्टांग. एक शक्यता अजून. ती फाइल कुणी एक्समोडेमने (झेडमोडेमच्या आधीच्या प्रोटोकॉलने) चढवली असेल का? एक्समोडेम १२८ बाइटचे ब्लॉक पाठवतो आणि शेवटचा ब्लॉक भरला नाही तर कंट्रोल-झेड कोंबून पुरा करतो. म्हणजे झिपच्या शेपटीमागे अजून शंभरेक बाइटचा कचरा. पीकेअनझिप मागून पुढे शोधत येतो म्हणून त्याला फरक पडत नाही, पण काही आळशी व्ह्यूअर शेवटचे २२ बाइटच तेवढे बघतात, तिथे त्या नोंदीची ओळखखूण दिसली नाही की म्हणतात आर्काइव्ह नाही. फाइलच्या साइजला १२८ ने भाग जातो का बघ.

---

रात्रपाळी:

बरं बाबा, माझा पोपट. पण मग हा प्रश्न, मॅन्युअल व्ह्यूअरमध्ये स्क्रीनवर वाचण्यापेक्षा तेवढीच फाइल काढून उतरवता येत नाही का?

---

निवृत्त_सिसऑप:

येते की, आणि इथे तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. चांगल्या व्ह्यूअर डोअरमध्ये (बीबीएसमधून चालणाऱ्या जोडप्रोग्राममध्ये) एक्स्ट्रॅक्टचा पर्याय असतो, हव्या त्या फायलींवर खूण करायची, तो बीबीएसच्या बाजूला तात्पुरती झिप बांधून देतो आणि मग तेवढीच उतरवायची. गंमत अशी की मोठा मजकूर स्क्रीनवर वाचणं महाग पडतं. यादीत लेंग्थ (उलगडलेली) आणि साइज (दाबलेली) असे दोन रकाने असतात ना, स्क्रीनवर वाचलं तर लेंग्थएवढे बाइट तारेतून येतात, काढून उतरवलं तर साइजएवढे. मोडेममध्ये एमएनपी५ किंवा व्ही.४२बिस (मोडेमने स्वतः माल दाबून पाठवायच्या पद्धती) चालू असेल तर स्क्रीनवरचा मजकूर थोडा पटापट येईल, पण एमएनपी५ वर झिप उतरवू नका, आधीच दाबलेल्या मालावर तो उलटा जास्त वेळ खातो.

छोट्या रीडमीसाठी मात्र स्क्रीनच बरा. आणि यादीत फाइल_आयडी.डीआयझेड दिसली तर आधी तीच उघडा, ४५ अक्षरांच्या फार तर १० ओळी, प्रोग्रामला काय लागतं ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

---

कॅरियर_गेला:

अवांतर होईल पण मी सध्या असाच एक बोर्ड चालवतो म्हणून सिसऑपच्या बाजूची रडगाणी गातो. एक्स्ट्रॅक्ट चालू ठेवायचं तर दर नोडला वेगळं टेम्प फोल्डर द्या, नाहीतर दोघे कॉलर एकमेकांच्या रीडमीवर रीडमी लिहितात. माझ्याकडे एकाने चढवलेल्या झिपमध्ये दाबून ४० केबी आणि उलगडून डिस्क भरेल एवढे शून्य होते, व्हायरस स्कॅनसाठी उलगडायला गेलो आणि सकाळी बोर्ड आडवा. आता आधी यादीतल्या लेंग्थची बेरीज बघतो, मग उलगडतो. आत सीओएन किंवा एयूएक्स नावाची फाइल असली तर डॉस तिला फाइल न समजता डिव्हाइस समजतो, तेही आधीच बाद करा.

आणि कॉलर व्ह्यूअरमध्ये असताना फोन कट झाला तर? साधा अनझिप आउटपुट पोर्टकडे वळवून चालवलात तर त्याला कॅरियर गेल्याचं कळतच नाही, 'पुढे?' म्हणून कायमचा बसून राहतो आणि नोड अडकतो. फॉसिल ड्रायव्हर (मोडेमच्या पोर्टशी बोलणारा) आणि कॅरियरवर नजर ठेवणारा वॉचडॉग लावा. माझं सदस्यनाव उगाच नाही.

---

अर्धीफ्लॉपी:

सगळ्यांचे आभार, धागा काढल्याचं सार्थक झालं. अपडेट देतो.

मेथडच्या रकान्यात डिफ्लेटच होतं. मित्राला फोन केला तर म्हणाला, अरे हो, तो अनझिप मी बोर्ड लावला तेव्हापासून बदललाच नाही. त्याने २.०४जी लावला आणि कॉमेंट गाळायची सोय केली, निळा स्क्रीन गेला. ('पण जाहिराती छान होत्या' असं म्हणत होता, सोडून दिलं.)

न उघडणाऱ्या झिपची साइज १९२३८४. १२८ ने भागलं तर बरोब्बर १५०३, बाकी शून्य. बिटमोजणारा, तुम्हाला मोदक! पहिली दोन अक्षरंही पीकेच निघाली. मित्राने ती उलगडून परत बांधली, आता यादी येते.

आणि मुख्य झिप. मॅन्युअल उलगडून ५८ केबी, दाबून १९. स्क्रीनवर वाचलं असतं तर चार मिनिटं गेली असती, काढून उतरवलं तर ८१ सेकंदांत हातात. पहिल्याच पानावर लिहिलंय की ३८६ प्रोसेसर लागतो. माझं मशीन २८६ आहे.

---

रात्रपाळी:

४८ मिनिटं वाचली म्हण. त्या काल उतरवलेल्या ३५० केबीचं काय करणार?

---

अर्धीफ्लॉपी:

पीकेझिपफिक्स चालवून बघितलं, २३ पैकी ९ फायली निघाल्या. त्यात एक तीन केबीचं कीबोर्ड ड्रायव्हर होतं, ते २८६ वर पळतंय.