मदत हवी आहे: शाळा म्हणते हे बुलिंग नाहीच, आता कोणाकडे जाऊ? (अर्जंट)

गोदाकाठ:
लेक इथे अमेरिकेत सहावीत आहे. त्याचं व्ही आणि डब्ल्यू एकच येतं, वॉटरला व्हॉटर म्हणतो, एवढंच. दोन मुलांनी बसमध्ये ते रेकॉर्ड करून ग्रुप चॅटवर टाकलं, आता अख्खा वर्ग त्याला व्हॉटर बॉय म्हणतो. तीन आठवडे झाले, सोमवार आला की पोट दुखतं. प्रिन्सिपलना दोनदा भेटले, ते गोड बोलले आणि म्हणाले हा मुलामुलांतला कॉन्फ्लिक्ट आहे, समोरासमोर बसवून मिटवू. वेबसाइटवर पंधरा पानी अँटी-बुलिंग पॉलिसी आहे, ती काय लोणच्याच्या बरणीखाली घालायला? अनुभव असेल त्यांनीच लिहा, फालतू सल्ले नकोत.

ऑस्टिनची_मावशी:
डेव्हिड्स लॉ वाच, बुलिंगविरुद्धचा कायदा. २०१७ चा आहे. तक्रार आली की तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत त्रास झालेल्या मुलाच्या पालकांना कळवावंच लागतं. प्रिंट काढ आणि टेबलावर ठेव, माझ्या भाचीच्या वेळी लगेच सरळ आले.

खडूस_पेठ:
मावशी, तो टेक्सासचा. तिकडे शाळेचे कायदे राज्याराज्याचे असतात, बुलिंगवर केंद्राचा स्वतंत्र कायदाच नाही. जॉर्जियाने १९९९ ला सुरुवात केली आणि माँटाना सगळ्यात शेवटी, २०१५ ला. आणि ताईंनी राज्यच लिहिलेलं नाही. शाळा पब्लिक (सरकारी) की प्रायव्हेट तेही नाही.

ऑस्टिनची_मावशी:
मदतच करत होते. तुम्ही काय केलंत?

गोदाकाठ:
न्यू जर्सी हो, प्रोफाइलला आहे की. पब्लिक.

दंडबैठका:
कराटेला घाला. माझ्या पोराने एकदाच एकाला लोळवला, परत कोणी वाट्याला गेलं नाही.

जर्सीकर_काका:
दंडबैठका, असलं काही सांगू नका, हात उचलला की सस्पेंड हाच होईल आणि मग मूळ तक्रार राहते बाजूला.
ताई, मी दोन वर्षांपूर्वी यातून गेलोय. ती पंधरा पानं स्कूल डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेने) हौसेने नाही लिहिलेली, २००२ पासून प्रत्येक डिस्ट्रिक्टला पॉलिसी ठेवायची सक्ती आहे. रटगर्स युनिव्हर्सिटीतल्या टायलर क्लेमेंटी या मुलाचा छळानंतर २०१० ला मृत्यू झाला त्यानंतर कायदा कडक झाला, जानेवारी २०११ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टींनी सही केली. इथे बुलिंग म्हणू नका, एचआयबी (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग) म्हणा, तो शब्द ऐकला की खुर्चीत सरळ बसतात. एकच प्रसंगही पुरतो आणि स्कूल बस त्यात येते. फक्त मुलाच्या कुठल्यातरी ओळखीवरून झालेलं हवं, वंश, धर्म, मूळ देश वगैरे, तुमच्या केसमध्ये उच्चार म्हणजे मूळ देशच ना. मला सांगा, लेखी दिलंय का काही?

गोदाकाठ:
नाही, भेटून सांगितलं म्हटलं ना.

जर्सीकर_काका:
तिथेच गाडी अडलीय. तोंडी तक्रारही त्यांनी घ्यायलाच हवी पण उद्या म्हणतील आई गप्पा मारून गेल्या. एचआयबी ३३८ फॉर्म भरा, डिस्ट्रिक्टच्या साइटवर असतो. अँटी-बुलिंग स्पेशालिस्टला कॉपी द्या, प्रत्येक शाळेत एक असतोच, बहुतेक वेळा काउन्सेलरच असतो. चौकशी १० स्कूल डेजमध्ये संपवायची असते. प्रिन्सिपल एचआयबी नाही म्हणाले तरी ते डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांना, सुपरिंटेंडेंटना, कळवावं लागतं आणि ते चौकशी लावू शकतात. निकाल पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या स्कूल बोर्डापुढे हिअरिंग मागता येतं. त्या मुलांना काय शिक्षा झाली ते मात्र सांगणार नाहीत, माझं डोकं तिथेच फिरलं होतं. आणि समोरासमोर बसवायला हो म्हणू नका. दोघंही भांडले असतील तर ते ठीक, इथे एकच मुलगा सहन करतोय.

खडूस_पेठ:
कागदाने मुलं सुधारतात हे मला पटत नाही. डिस्ट्रिक्टला फक्त आकडा कमी दाखवायचा असतो म्हणून सगळ्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

जर्सीकर_काका:
मुलं नसतील सुधारत, पण प्रिन्सिपलना तारखा पाळाव्या लागतात. मला तेवढं पुरलं.

विदर्भाची_संत्री:
आमच्या नागपूरच्या सीबीएसई शाळेत पण समिती आहे म्हणे, २०१५ चं सर्क्युलर आहे. ॲडमिशन कधी सुरू होतात कोणाला माहीत आहे का?

मीरा_एडिसन:
त्याला व्ही डब्ल्यूसाठी स्पीच थेरपी लावा ना, मूळच मिटेल.

जर्सीकर_काका:
म्हणजे चूक पोराचीच?

मीरा_एडिसन:
तसं नाही म्हणाले. माझ्या मुलीला फायदा झाला म्हणून सांगितलं.

गोदाकाठ:
खरं सांगते, लेखी द्यायला हे घाबरतात. एच-वन व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डची फाइल चालू आहे. तक्रार केली तर काही नोंद होते का?

जर्सीकर_काका:
शाळेच्या तक्रारीचा आणि तुमच्या फाइलचा काडीचा संबंध नाही. कागदपत्र नसलेल्या मुलांनाही शाळा नाकारता येत नाही हे इथल्या सुप्रीम कोर्टाने १९८२ लाच सांगितलंय. आमच्या घरीही हीच भीती होती, दोन महिने त्यात गेले आणि तोवर मुलाने बस सोडली होती.

गोदाकाठ:
भरला फॉर्म. यांनीच टाइप केला शेवटी. १० दिवस आजपासूनच ना? गुरुवार-शुक्रवार शिक्षकांचं कन्व्हेन्शन आहे.

जर्सीकर_काका:
ते दोन दिवस धरू नका, शनिवार-रविवारही नाही. आणि क्लिपचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, ती मुलं डिलीट करतील.

गोदाकाठ:
केली काल. माझ्याकडे नाहीये. बसमधल्या दुसऱ्या एका मुलाच्या आईकडे आहे, पण तिला पडायचं नाहीये यात.