मदत हवी आहे: कामगारांना दारूबद्दल विचारायचं कसं?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी अर्धवेळ डॉक्टर आहे. वार्षिक तपासणीत जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' प्रश्नावली वापरायची आहे. १० प्रश्न, ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले की धोक्याचं पिणं. (नाव ऐकून काहींना वाटलं, हिशेब तपासायला आलोय!)

घोडं अडतं ते 'एका वेळी किती ड्रिंक?' या प्रश्नावर. इथे माप क्वार्टरचं. व्हिस्कीची १८० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोलच्या मापाने सहा ड्रिंक. आणि गडी सांगतो, "एकच घेतो, डॉक्टर." कंत्राटी पोरं तर भट्टीवरचं काम जाईल म्हणून सरळ 'नाही'च म्हणतात.

गुण व्यवस्थापनाला न कळवता कुणी हे राबवलंय का? आणि क्वार्टरच्या भाषेतली मराठी प्रश्नावली कुणाकडे आहे का?