चोथा आतड्यात आंबतो, त्यानं मोठ्या आतड्याचा कॅन्सर टळतो का?

खापरी
चोथा (फायबर) म्हणजे आतड्याचा झाडू, ही समजूत आता पुरे. डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून १९७१ साली मांडलं की चोथ्यामुळे मळ वाढतो, लवकर पुढे सरकतो आणि घातक द्रव्यं आतड्याला कमी वेळ लागून राहतात. एवढंच खरं असतं, तर फारसा न आंबणारा गव्हाचा कोंडा सगळ्यांत गुणकारी ठरला असता.

माझ्या मते खरं काम मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवू शकतात त्या चोथ्याचं. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी स्निग्धाम्लं साधारण ६०:२०:२० या प्रमाणात तयार होतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. त्या पेशींची ६० ते ७० टक्के ऊर्जा त्यातूनच येते. कॅन्सरची पेशी मात्र ग्लुकोजवर जगते. तिच्यात ब्युटिरेट जळत नाही, साठतं. मग ते केंद्रकात हिस्टोन डीॲसिटिलेज ही विकरं अडवतं, बंद पडलेली काही जनुकं चालू होतात, आणि पेशी वाढायची थांबते किंवा मरते. म्हणून किती ग्रॅम हे नंतर विचारा, आधी कोणता चोथा ते विचारा.

नाचणीआंबील
मग इडली, डोसा, आंबील तर आधीच आंबवलेली. दुहेरी फायदा?

खापरी
नाही, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पातेल्यात आंबतं ते पीठ, तिथे मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनतं. इडली चांगलीच, पण तिनं ब्युटिरेट मिळत नाही. आणि तूपवाल्यांनीही लगेच खूश होऊ नये. तुपात ३-४ टक्के ब्युटिरिक आम्ल असतं खरं, पण ते लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला हवं असेल तर ते तिथेच बनावं लागतं.

उलटतपासणी
प्रयोगशाळेतल्या ताटलीत पेशी कशानंही मरतात. माणसांचं बोला. २००० साली अमेरिकेतल्या दोन चाचण्या एकत्र छापून आल्या. एकीत २०७९ जणांना चार वर्षं कमी चरबीचा, जास्त चोथ्याचा आहार. दुसरीत रोज १३.५ ग्रॅम कोंड्याचा चोथा विरुद्ध २ ग्रॅम. पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर उगवणारे मोड, काहींचा पुढे कॅन्सर होतो) काढलेल्यांना पुन्हा पॉलिप येण्याचं प्रमाण दोन्हींत तसंच राहिलं. त्याच वर्षी युरोपातल्या चाचणीत रोज ३.५ ग्रॅम इसबगोल दिलं, तर पॉलिप परत येण्याचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. आपल्याकडे घरोघरी डबा आहे त्याचा!

खापरी
तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत. कोंडा आणि इसबगोल, दोन्ही फारसे न आंबणारे. इसबगोल जेल होऊन तसंच बाहेर पडतं. बद्धकोष्ठाला उत्तम, ब्युटिरेटला नाही. शिवाय पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षं किंवा जास्त लागतात. तीन-चार वर्षांत फक्त सुरुवातीचा टप्पा तपासला जातो.

आता २०१५ चा प्रयोग बघा. वीस आफ्रिकन-अमेरिकन आणि वीस ग्रामीण दक्षिण आफ्रिकी लोकांची जेवणं दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकनांचा चोथा रोज ५५ ग्रॅमपर्यंत नेला, आफ्रिकींचा १२ पर्यंत उतरवला. पहिल्यांत ब्युटिरेट अडीच पट झालं, दुसऱ्यांत निम्म्यावर आलं, आणि अस्तरातल्या पेशींच्या वाढीचा वेगही त्याप्रमाणे बदलला.

उलटतपासणी
त्यात चरबी आणि मांसही बदललं होतं, हे का गाळलंत? आणि धोक्याच्या खुणा बदलणं म्हणजे कॅन्सर टळणं नव्हे.

तुमच्या अटीत बसणारी चाचणी झालेली आहे: कॅप-२. लिंच सिंड्रोम म्हणजे आनुवंशिक दोषामुळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका फार जास्त. अशा नऊशेहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना रोज ३० ग्रॅम प्रतिरोधक स्टार्च, म्हणजे लहान आतड्यात न पचणारा आणि पुढे झकास आंबणारा पदार्थ. सरासरी दोन-अडीच वर्षं दिला, पुढे दहा वर्षं आणि काहींवर वीस वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं. निकाल २०२२ साली आला. मोठ्या आतड्याचे कॅन्सर: स्टार्च गटात ५२, दुसऱ्यात ५३. काय फरक पडला?

खापरी
लिंचमुळे होणारे इतर अवयवांचे कॅन्सर २७ विरुद्ध ४८ होते, ते सांगायचं राहिलं. पण आतड्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य. स्टार्च उजव्या बाजूलाच, सीकमजवळ (मोठं आतडं सुरू होतं तिथे) आंबून संपतो. डावीकडे पोचेपर्यंत जिवाणूंना पिष्ट उरत नाही, मग ते प्रथिनं फोडतात आणि अमोनिया, फेनॉल बनतात. सर्वसामान्य लोकांत गाठी जास्त होतात त्या डावीकडे आणि गुदाशयात.

उलटतपासणी
पळवाट छान, पण इथे चालत नाही. लिंचच्या गाठी बहुतेक उजवीकडेच होतात, जिथे तुमचं आंबणं सगळ्यांत जोरात चालतं.

दुर्बीण
दोघांच्या मध्ये एक दुवा राहतोय. लिंचमध्ये डीएनए दुरुस्तीची जनुकं बिघडलेली असतात. एमएसएच-२ हे त्यांतलंच एक. २०१४ साली नेमकं हेच जनुक काढून टाकलेल्या, शिवाय पॉलिपला प्रवण असलेल्या उंदरांवर काम झालं. त्यांच्यात ब्युटिरेटनं पेशींची वाढ उलट जोरात झाली. म्हणजे तेच रसायन एका जनुकीय पार्श्वभूमीवर ब्रेक, दुसऱ्यावर ॲक्सिलरेटर. उंदीर तो उंदीरच, पण लिंचचा निकाल सगळ्यांना लावायचा नाही, आणि खापरी यांनीही ‘ब्युटिरेट म्हणजे संरक्षण’ असं सरसकट लिहायचं नाही.

उलटतपासणी
मान्य. पण मग सर्वसामान्यांसाठी उरतं ते निरीक्षणच. २०११ च्या एकत्रित विश्लेषणात दर १० ग्रॅम चोथ्यामागे धोका सुमारे १० टक्के कमी, आणि त्यात धान्यांचा चोथा पुढे. म्हणजे खापरींनी ज्याला नावं ठेवली तो कोंडाच!

खापरी
एकटा कोंडा नव्हे, कोंड्यासकट धान्य. डुकरांवरच्या प्रयोगात प्रतिरोधक स्टार्चबरोबर कोंडा दिला तेव्हा आंबण्याची जागा पुढे, डावीकडे सरकली. झाडू आणि आंबण दोन्ही लागतात, एवढी दुरुस्ती मी माझ्या पहिल्या वाक्यात करतो.

शिळाभात
चर्चा ताटात आणूया. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात १० ग्रॅम चोथा, बाजरी-नाचणीत ११च्या वर, पांढऱ्या तांदळात जेमतेम २.८. दोन-अडीच भाकरी (१०० ग्रॅम पीठ, न चाळता), ४० ग्रॅम कोरड्या अख्ख्या हरभऱ्याची उसळ (सुमारे १०) आणि एक मध्यम पेरू, झाले २८च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान २५ सांगते.

‘भात थंड करून खा’ हा सल्ला फुगवलेला आहे. ताज्या पांढऱ्या भातात प्रतिरोधक स्टार्च १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम, २४ तास फ्रीजमध्ये ठेवून गरम केला तर १.६५. कॅप-२चे ३० ग्रॅम गाठायला रोज १८०० ग्रॅम भात खावा लागेल. आणि तो रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सिरियसचं उलटीचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. परातीत पसरून वाफ घालवा आणि तास-दीड तासात फ्रीजमध्ये टाका.

नाचणीआंबील
उसळीनं पोट फुगतं त्याचं काय?

शिळाभात
एकदम वाढवलं की फुगणारच. आठवड्याला ५ ग्रॅमनं चढा, पाणी वाढवा. कडधान्य ८-१० तास भिजवून ते पाणी फेका. गॅस करणारी रॅफिनोज वर्गाची साखर बरीच त्यात उतरते. तीही आंबणारीच, म्हणजे थोडा तोटा आहे, पण उसळ रोज खाल्ली गेली तर परवडतो. इनुलिन (झटकन आंबणारा चोथा) घातलेली बिस्किटं आयबीएसवाल्यांनी, म्हणजे आतडं चिडकं असलेल्यांनी, टाळावीत.

दुर्बीण
इसबगोल घ्यायचं तर एका डोसाला पूर्ण पेलाभर पाणी, किमान २५० मिली, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास अंतर. कोरडं गिळलं तर अन्ननलिकेत फुगून अडकतं. आतडं अरुंद झालं असेल, तर इसबगोल काय, भरपूर उसळसुद्धा अडथळा करू शकते.

दुसरं जास्त महत्त्वाचं. शौचातून रक्त, मळ अचानक बारीक होणं, नव्यानं सुरू झालेलं बद्धकोष्ठ, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरणं, यांवर ‘मूळव्याध असेल’ म्हणत महिनोन्महिने चोथा वाढवत बसतात. आपल्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, मोठ्या आतड्याचा नाही. बोलावून कुणी तपासणार नाही. विष्ठेतल्या लपलेल्या रक्ताची फिट चाचणी घरी नमुना घेऊन होते. पण रक्त डोळ्यांना दिसत असेल तर तिच्यात वेळ घालवू नका, थेट कोलोनोस्कोपीचं विचारा.

उलटतपासणी
भाकरी-उसळीला माझा विरोध कधीच नव्हता. माझा विरोध आहे तो प्रीबायोटिक (आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य) पावडरच्या डब्यावर कॅन्सरचं नाव छापण्याला. कॅप-२मध्येही आतड्याचा कॅन्सर कमी केला तो ॲस्पिरिननं, रोज ६०० मिलिग्रॅम, तोही लिंचवाल्यांत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

खापरी
डब्याबाबत सहमत. लिंचखेरीज इतरांवर, कोंडा आणि स्टार्च एकत्र देऊन दहा वर्षांची चाचणी कुणी केली, तर तिच्या निकालाला मी बांधील.