करिंथची उपासना: मोकळीक की गोंधळ?

तिसरा_बाक: "पहिल्या शतकात ज्याला सुचेल तो बोलायचा, व्यासपीठ आलं आणि उपासना मेली." एका ग्रुपवर ही पोस्ट फिरतेय, खाली आमेनचा पाऊस. अरे, बायबलमधलं १ करिंथ १४, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय, पूर्ण वाचा की! २६वं वचन सगळे मिरवतात: कोणाकडे स्तोत्र, कोणाकडे शिक्षण, कोणाकडे प्रकटीकरण. लगेच पुढे पौल लगाम घालतो. अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने इतरांना न कळणाऱ्या भाषेत, बोलणारे दोघं, फार तर तिघं, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प. देवाकडून आलेला संदेश देणारे दोघं-तिघं, इतरांनी पारख करायची. बसलेल्याला काही प्रकट झालं तर बोलणाऱ्याने थांबायचं. ही मनमानी?

मोकळा_श्वास: ३१वं वचन सोयीस्कर गाळलंत. सगळ्यांना एकेक करून संदेश देता येईल, म्हणजे सगळ्यांना उत्तेजन मिळेल. आमच्याकडे "सगळे" म्हणजे एकच माणूस, तासभर. आई देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला उठली तर म्हणे, "निवेदनांनंतर बघू." निवेदनं सहलीच्या वर्गणीवर संपली, पाठोपाठ आशीर्वाद.

फिबीची_भाची: आईला उठू दिलं हेच नवल. अजून कोणी ३४-३५, म्हणजे "बायकांनी मंडळीत गप्प राहावं", तोंडावर फेकलं नाही? त्याच पत्रात ११:५ मध्ये बायका प्रार्थना करतात, संदेश देतात. वाद फक्त डोकं झाकण्याचा. आणि काही हस्तलिखितांत ३४-३५ थेट ४०व्या वचनानंतर येतात.

तिसरा_बाक: विषय बायकांचा नव्हता.

फिबीची_भाची: नसतोच कधी.

जुना_कॉयर: जागा बदलते, पण एकाही हस्तलिखितातून ती वचनं गळालेली नाहीत. नावडतं वचन दिसलं की हस्तलिखितं काढायची!

फिबीची_भाची: नाहीत गळालेली, मान्य. पण गप्प बसायचा हुकूम त्याच अध्यायात भाषावाल्याला आहे, संदेशवाल्यालाही आहे. त्यांना कोणी जन्मभर गप्प बसवलं नाही. आमच्याच वाट्याला जन्मठेप का?

जुना_कॉयर: तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

फिबीची_भाची: उत्तर नसलं की असंच होतं.

तिसरा_बाक: मूळ मुद्द्यावर या. साधारण १५५ साली जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या उपासनेचा क्रम लिहितो: वेळ असेल तोवर वाचन, मग अध्यक्षाचा बोध, सगळे उभे राहून प्रार्थना.

मोकळा_श्वास: म्हणजे शंभर वर्षांत लोकांना उभं राहणं आणि आमेन उरलं. आभारी आहे, माझाच मुद्दा मांडलात.

तिसरा_बाक: अनाथ-विधवांसाठी दान गोळा व्हायचं तेही तिथेच लिहिलंय. बोलणं म्हणजेच सहभाग का?

मोकळा_श्वास: बरं बाबा, शिस्त हवीच. मग "फार तर तिघं" हा नियम निवेदनांनाही लावा. राहिली पारख, ती आमच्याकडेही होते. उपासना सुटल्यावर, फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर.